विटा पाडणाऱ्या माणसाची मुलगी

एप्रिल लागला की न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये संध्याकाळ लवकर उतरते आणि घराघरांतले लाकडाचे बर्नर पेटतात. गारठ्यामुळे धूर वर जात नाही, गल्लीतच रेंगाळतो. ऑफिसातून येताना ईराला शाळेतून घेतलं की मी गाडीची काच थोडी खाली करते. ईरा मागून ओरडते, "मम्मा, इट्स फ्रीझिंग!" मी म्हणते, "एकच मिनिट गं." त्या एका मिनिटात मी कऱ्हाडच्या पुढे, कृष्णेच्या काठी जाऊन येते.

तिकडे एप्रिल म्हणजे वीटभट्ट्यांचा ऐन हंगाम. दिवाळी झाली की विटा पाडायला सुरुवात व्हायची आणि मिरगाच्या आत शेवटची भट्टी उतरवायची. वार्षिक परीक्षेचा सगळा अभ्यास मी त्या धुरात केला. वहीच्या पानांना, आईच्या पदराला, दादांच्या मिशांना तोच वास. दादा म्हणजे माझे वडील. पिढ्यान्‌पिढ्या विटांचाच धंदा, पण मला त्यांनी कधी चिखलाला हात लावू दिला नाही. "तू पेन धर," म्हणायचे. मी पेन धरलं. पुण्याला सिव्हिल इंजिनिअर झाले, मग जर्मनीला शिकले, मग इथे आले. गेली बारा वर्षं मी या शहरातल्या जुन्या इमारती तपासते. पुढच्या भूकंपात कोणती टिकेल, कोणती नाही, ते लिहून देते. विटांच्या इमारतीबद्दल बहुतेक वेळा 'नाही' असंच लिहावं लागतं.

मराठीत विटाही पाडतात आणि इमारतीही पाडतात. दादांनी जन्मभर विटा पाडल्या. माझ्या सहीने काय काय पडलं, ते मी मोजायला जात नाही.

दादांचा पासपोर्ट निघाला तो माझ्या जर्मनीतल्या पदवीसाठी. आईचे गुडघे चालत नव्हते म्हणून ते एकटेच आले. बंद गळ्याचा कोट, डोक्यावर टोपी, हातात पिशवी, पिशवीत आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी. समारंभ त्यांनी देवळात हात जोडून बसल्यासारखा पाहिला. संध्याकाळी माझ्या खोलीवर भात-आमटी खाताना विचारलं, "मिने, हितं विटा कुठं करत्यात?"

म्हणून मी त्यांना ल्यूबेकला नेलं. उत्तर जर्मनीतलं हे बंदराचं जुनं शहर. त्या सपाट, ओल्या मुलखात दगड सापडत नाही. नदीचा गाळ मात्र हवा तेवढा. तेव्हा सात-आठशे वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी सगळंच्या सगळं विटांत बांधलं. वेशी, मिठाची कोठारं, व्यापाऱ्यांची उंच निमुळती घरं, आणि लांबून डोंगरासारखी दिसणारी चर्च.

स्टेशनवरून चालत गेलं की आधी शहराची जुनी वेस लागते. दोन जाड गोल बुरूज, वर टोकदार टोप्या, मध्ये कमान. विटांचा एक थर लाल, एक काळा, आणि काळ्या विटांवर काचेसारखी झिलई. ऑक्टोबरचं तिरपं ऊन होतं. सगळे कमानीपुढे फोटो काढत होते. दादा मात्र दहा पावलं मागे गेले, मान वाकडी करून बघत राहिले.

"बसलंय गं हे. दोन्ही बुरूज आत कलल्यात."

"खाली दलदल आहे दादा. बांधतानाच बसायला लागलं होतं म्हणतात."

"आन् कवापासनं उभं हाय?"

"पाचशे वर्षांच्या वर झाली."

ते भिंतीजवळ गेले आणि तळहात टेकवला. मग वीत घालून वीट मोजली. आमच्या विटेपेक्षा बरीच मोठी होती. खालच्या एका विटेवर चार बोटांचा ठसा होता, पंजाचा. "कुत्रं गेलंय," दादा हसले. "वली असताना गेलंय. कुनीतरी शिव्या घातल्या असतील त्याला." आणि ते असं म्हणाले, जणू तो शिव्या घालणारा त्यांच्या ओळखीचा होता.

गावाच्या मधोमध मोठं चर्च आहे. पायऱ्यांवर दादांनी बूट काढले. मी म्हटलं, "दादा, इथे काढत नाहीत." ते म्हणाले, "देऊळ हाय न्हवं?" आणि मोज्यांवरच आत गेले. फरशी बर्फासारखी गार. वर पाहिलं तर छत कुठे सुरू होतं तेच कळेना, विटांचे खांब नुसते वर वर जात होते. दादा एका बाकाच्या टोकाला बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आपल्याकडं देऊळ दगडाचं, वाडा दगडाचा," ते म्हणाले. "वीट म्हंजे गरिबाची. आन् गरिबाकडं बी जरा चार पैसं आलं की गिलावा मारून झाकून टाकतो तिला. आज्ज्यानं केलं, बापानं केलं, मी केलं. एवढ्या विटा केल्या आमी, पर उघड्यावर अशी कुनी ठेवली न्हाई बघ."

त्यांचे डोळे भरले होते. मला लाज वाटली, हे आज लिहायला हवं. आजूबाजूला लोक होते आणि माझे वडील मोज्यांवर बसून रडत होते.

त्याच चर्चच्या एका मनोऱ्याखाली दोन फुटक्या घंटा पडलेल्या आहेत. युद्धात बॉम्ब पडले, आग लागली, तेव्हा वरून कोसळल्या त्या तिथेच ठेवल्या आहेत, फरशी फोडून रुतलेल्या. बाकीचं चर्च लोकांनी पुन्हा उभं केलं. दादा कठड्याला धरून उभे होते. "परत बांधलं?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "हे शिक. पडलेलं उभं कसं करायचं ते शिक."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथून जवळच्या विस्मार नावाच्या गावी गेलो. तिथेही एक प्रचंड चर्च होतं. आता त्याचा फक्त मनोरा आहे. बाकीचं युद्धात मोडलं आणि नंतर सुरुंग लावून उडवलं. जिथे भिंती होत्या तिथे गुडघाभर उंचीची विटांची रांग केली आहे, नुसता नकाशा जमिनीवर. आम्ही त्या रांगेवर बसून डबा खाल्ला. वारा होता, समुद्रपक्षी ओरडत होते. पोळीचा घास हातात धरून दादा एकदम म्हणाले, "तुजी एक आत्या हुती."

मला एवढंच माहीत होतं की कोयनेच्या भूकंपानंतर आमचं घराणं डोंगर सोडून कऱ्हाडकडे आलं.

"सुशी," ते म्हणाले. "माज्यापरास दोन वर्सांनी मोठी. मी नऊ वर्साचा आसंन. पक्क्या विटा इकायला जायच्या, आन् घराला अर्ध्या भाजलेल्या, कुनी घेत न्हाई त्या. चिखलात लावलेल्या. थंडीचं दिस. मी भिंतीकडंला निजलो हुतो. भिंत गार लागतीया म्हनून रडाय लागलो. ती म्हनली, सरक तिकडं, मी निजते. पाटं भूकंपात भिंत आली तिच्यावर."

एवढंच. मग त्यांनी पोळी खाल्ली. डबा पुसून पिशवीत ठेवला. "तुज्या आईला म्हाईत न्हाई," म्हणाले. "कुनालाच न्हाई, कोन कुटं निजलं हुतं ते."

हे मला सांगावं असं त्यांना त्या दिवशी तिथेच का वाटलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. पडलेल्या भिंतीच्या जागी शांतपणे बसता येतं, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये दादा इथे आले. तोपर्यंत त्यांची भट्टी बंद झाली होती. नदीकाठची माती संपत आली, लोक सिमेंटचे ब्लॉक घ्यायला लागले. आईने फोनवर सांगितलं, "दिवसभर रिकाम्या भट्टीवर जाऊन बसतात. घेऊन जा त्यांना थोडे दिवस." आई या वेळीही गुडघ्यांमुळे राहिली.

ख्राइस्टचर्चमध्ये दादा पहिले दोन दिवस नुसते बघत फिरले. इथल्या मोठ्या भूकंपाला इतकी वर्षं झाली, नवं शहर उभं राहिलं, काचेचं आणि लोखंडाचं, छानच आहे. पण अजून मध्येच एखादा प्लॉट रिकामा असतो, खडी टाकून त्याचा कार पार्क केलेला. दादा प्रत्येक वेळी विचारायचे, "हितं काय हुतं?" मला बहुतेक वेळा माहीत असायचं.

आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर विटांचा एक छोटा हॉल होता. शंभराहून जास्त वर्षांचा, लाल, टोकदार कमानींच्या खिडक्यांचा. कोणा एका स्थलांतरिताने दूरच्या त्या जर्मन मुलखातली चर्च आठवून बांधला असावा असा. भूकंपात भेगा पडल्यापासून कुलूप होतं. किल्ली ग्रॅहमकडे. ग्रॅहम म्हणजे हॉलसमोरच राहणारा सत्तरीचा निवृत्त गवंडी. लहानपणी तो त्या हॉलमध्ये नाचायला शिकला, तिथेच त्याचं लग्न झालं, बायकोच्या अंत्यविधीनंतरचा चहाही तिथेच.

दादा सकाळी फिरायला जात. एकदा बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर दोघे हॉलच्या भिंतीपाशी उकिडवे बसलेले. दादांना दहा-बारा इंग्रजी शब्द येत, ग्रॅहमला मराठी शून्य. दादा बोटाच्या पेराने वीट वाजवत होते आणि ग्रॅहम कान लावून ऐकत होता. "गुड," दादा म्हणाले. पुढची वाजवली. "गुड." तिसरी. "नो गुड." ग्रॅहम माझ्याकडे बघून म्हणाला, "युअर डॅड नोज हिज ब्रिक्स." त्या दिवसापासून रोज सकाळी दादा जंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अडकवून तिकडे. ग्रॅहमच्या बागेतली पडकी भिंत दोघांनी चुना कालवून नीट केली. दादा घरी आले की नखांत चुना असायचा आणि ते दोन घास जास्त जेवायचे. "किया ओरा" हा इथला माओरी नमस्कार म्हणायला शिकले. "स्वीट ॲज" हे इथलं 'झकास'सुद्धा, पण ते ईराला हसवण्यापुरतं.

त्या हॉलचा रिपोर्ट माझ्याकडे होता. मी दादांना सांगितलं नव्हतं, ग्रॅहमने खाणाखुणा करून सांगितलं. भिंतींचे दोन पदर एकमेकांना बांधलेले नव्हते, चुना मरून वाळू झाला होता, खालची जमीन भुसभुशीत. लोखंड घालून वाचवता आला असता, पण मग जुनं असं त्यात फारसं उरलं नसतं, आणि तेवढं करायची त्या हॉलच्या मंडळींची ऐपतही नव्हती. मी हिशेब तीनदा तपासला. तीनदा तेच उत्तर.

एका रविवारी सकाळी मी डोसे करत होते. ईरा टेबलावर रंगवत बसली होती. दादांनी विचारलं, "वाचंल का गं तो?"

"नाही, दादा."

"त्या गावात त्यांनी परत उभं केलं की. जळलेलं, पडलेलं."

"तिथे भूकंप होत नाही."

"विटा चांगल्या हायत. मी वाजवून बघितल्यात."

"विटांचा प्रश्न नाहीये, दादा. भिंत पडेल."

"ग्रॅहम म्हनतो, एवढा मोठा धक्का खाल्ला तरी पडला न्हाई. तू एकदा परत—"

आदल्या आठवड्यात अशाच विनवण्या मी चार लोकांकडून ऐकल्या होत्या. सगळे असंच म्हणतात. इतक्या धक्क्यांत पडली नाही, मग आता कशी पडेल. मला कंटाळा आला होता. तव्यावरचा डोसा चिकटला होता. मी मागे न बघता म्हटलं, "सुशीआत्या कशी गेली ते विसरलात का?"

डोसा खरवडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

ईराने विचारलं, "हू इज सुशीआत्या?"

दादा उठले. ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं, नळ सोडून धुतलं, पालथं घातलं. ईराच्या डोक्यावरून हात फिरवून ते बाहेर गेले. दार हळू लावलं त्यांनी.

मी बरोबर होते. हेच तर मला आजही सुटत नाही. रिपोर्ट बरोबर होता, भिंत पडलीच असती, आत माणसं असती तर मेली असती. चूक असते तर माफी मागणं सोपं होतं.

त्यानंतर ते माझ्याशी सगळं बोलायचे. भाजी काय आणू, ईराला थंडी वाजते का, आईला फोन लाव. विटांबद्दल मात्र एक अक्षर नाही.

मे महिन्यात हॉल पाडला. मशीन सकाळी आलं, दुपारपर्यंत काम झालं. ग्रॅहम घरातून बाहेर आला नाही. दादा मात्र कुंपणापाशी शेवटपर्यंत उभे होते, टोपी हातात घेऊन. मी ऑफिसातून आले तेव्हा ढीग होता आणि त्यावर पाणी मारत होते, धूळ उडू नये म्हणून.

पुढचे दिवस दादा आणि ग्रॅहम त्या विटा साफ करत बसले. जुन्या चुन्याचं एक बरं असतं, तो विटेला सोडतो. सिमेंट सोडत नाही, वीटच फोडतं. हातोडीच्या धारेने हळू ठोकायचं, पापुद्रा निघतो, खाली विटेचं अंग तसंच्या तसं. साफ झालेल्या विटांचे थर ग्रॅहमच्या अंगणात रचले जात होते. काय करणार त्यांचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दादांचं विमान सोमवारी होतं. शनिवारी मी तिथे गेले आणि न विचारता त्यांच्याजवळ पोत्यावर बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, एक वीट हातात दिली, आणि माझी बोटं धरून हातोडीवर नीट बसवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विटेला हात लावू दिला. मी तीन विटा केल्या. चौथीचा कोपरा उडाला.

"हळू," ते म्हणाले. मग त्याच आवाजात, खाली बघत, "तू बोललीस ते खरं हुतं, मिने. भिंत कुनाची बी आसू दे, पडायची ती पडती. पर खरं सांगायला माजंच दुखनं कशाला घेतलंस?"

मी हातोडी खाली ठेवली. तेवढ्यात ग्रॅहम चहाचे मग घेऊन आला, आणि दादांनी हात पुसून "थँक्यू" म्हणत मग घेतला. सोमवारी पहाटे विमानतळावर मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाठीवर थाप मारली. पुढे दर रविवारी फोन व्हायचा. दर रविवारी मी ठरवायचे, आज माफी मागेन. मग नेटवर्क खराब असायचं, किंवा शेजारी आई असायची, किंवा मीच 'आई शेजारी आहे ना?' असं विचारून सुटका करून घ्यायचे.

पुढच्या जानेवारीत दादा गेले. झोपेतच. इथे भर उन्हाळा होता, ईरा टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून समुद्रावर जायच्या तयारीत होती तेव्हा भावाचा फोन आला. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. आई आणि मी दादांच्या खोलीत गोधड्यांच्या घड्या घालत होतो. पलंग भिंतीला लावलेला होता, नेहमीसारखा. आई एकदम त्याच्याकडे बघत राहिली.

"एक गोष्ट मला कधी कळली न्हाई बघ," ती म्हणाली. "लग्न होऊन आले त्या दिवसापास्नं ह्यांनी भिंतीकडची जागा कधी मला दिली न्हाई. तुम्ही पोरं झाला, तरी न्हाई. आजारपणात मी म्हटलं, रात्रीत उठायला लागतं, इकडच्या कडेला निजा. न्हाई म्हणजे न्हाई. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची, अंग आखडायचं, पण जागा सोडली न्हाई. असं का करत असतील गं?"

मी गोधडी खाली ठेवली आणि तिला सुशीआत्याचं सांगितलं. विस्मारच्या त्या गुडघाभर भिंतीवर बसून त्यांनी जेवढं सांगितलं होतं तेवढंच, त्यांच्याच शब्दांत. आई पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. संपल्यावर तिने तळहात भिंतीवर फिरवला. गिलावा केलेली भिंत होती ती, फिकट निळी.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "पण तुला सांगितलं ना. बरं झालं बाई. कुणापाशी तरी ओझं उतरवून गेले."

मी मान हलवली. ते उतरवलेलं ओझं मीच एका रविवारी, डोसे करता करता, परत त्यांच्या डोक्यावर ठेवलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.